पेन्सिलीचे ठिपके

कॅप्टन भूपाल आण्णा आज सकाळी मिरजेच्या दवाखान्यात वारले, आणि त्यांची माफी मागायची माझी राहिली.

पाच वर्षं राहिली होती. आता कायमचीच.

आण्णा सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले. मी औंधचा, शाळा सातवीपर्यंत. विमानात सामान चढवायच्या कामाला लागलो आणि बघत, विचारत, शिव्या खात रोस्टरच्या टेबलापर्यंत पोचलो. कुठल्या विमानावर कुठला कॅप्टन आणि त्याच्या शेजारी कुठला को-पायलट, ते लावणं माझं काम.

सगळ्यांशी इंग्लिश बोलणारा हा माणूस माझ्या टेबलाशी आला की गावाकडचं बोलायचा. "काय नाना, आज कुठं धाडताय आमास्नी?"

दिवस मावळल्यावर आण्णा जेवत नसत. एकदा मी चेष्टा केली, "आवं, वर तर तुमाला सूर्य दिसतोय की अजून. खावा की चार घास."

म्हणाले, "खालच्यांचा मावळला नाना, म्हंजे माझाबी मावळला. मी काय वरचा न्हाई."

असा माणूस.

उड्डाणाआधी शेजारच्या को-पायलटला, तो कालचा का असेना, त्यांचं एक बोलणं ठरलेलं. "माझं चुकलं तर लगेच बोल. मी चिडलो तर उतरल्यावर माफी मागीन. पण तू बोल."

मग मर्जर झालं.

आमची छोटी कंपनी मोठीत गेली. कागदावर सोयरीक झाली, पण वऱ्हाडं काही एका पंगतीला बसेनात. क्रू रूममध्ये आमचे खिडकीकडं, ते चहाच्या मशिनकडं. सिनियॉरिटीच्या यादीत आमचे लोक खाली गेले, त्याची आग वेगळीच. कुणी आत आला की पहिला प्रश्न, "हा आपला का त्यांचा?"

मी शहाणपणा केला. रोस्टरच्या कागदावर नावांपुढं पेन्सिलीनं ठिपके द्यायला लागलो. आमच्यांना लाल, त्यांना निळा. शक्य तिथं लालाशेजारी लाल, निळ्याशेजारी निळा. भांडण नको, एवढाच हेतू.

आण्णांनी एकदा तो कागद बघितला.

"ह्ये काय वो, नाना?"

"काय न्हाई. शांतता राहावी म्हणून."

"मेंढरं हायती व्हय, पाठीला रंग लावाय? पुसा ते."

मी हसलो. पुसले नाहीत.

एक दिवस आण्णांचा नेहमीचा को-पायलट आजारी पडला. रिकामा होता तो फक्त रोहन. नवा, त्या मोठ्या कंपनीतला, अजून प्रोबेशनवर.

मी आण्णांना फोन केला. "आज निळा हाय तुमच्या शेजारी. वरच्या साहेबांच्या कानाला लागतो म्हणत्यात. जपून बोला."

खरं सांगू? कुणी म्हणत नव्हतं. माझ्याच मनातलं होतं ते.

त्या दिवशी आण्णा आपलं नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. कामापुरतंच बोलले.

उतरताना चाकं खाली घ्यायला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं. रोहनला दिसत होतं. तो गप्प. त्याला वाटलं, यांच्या कंपनीत चाकं उशिरा खाली घ्यायची पद्धत असेल.

शेवटी आण्णांच्याच लक्षात आलं. विमान परत वर घेतलं, फेरी मारली आणि अलगद उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. प्रवाशांना वाटलं, विमानतळावर गर्दी असेल.

आमचे लोक आण्णांभोवती जमले. "लिहा, त्यानं मुद्दाम तोंड बंद ठेवलं. जाऊ दे घरी त्याला."

मी तर सगळ्यांच्या पुढं. "बघा! म्हणून ठिपके देत होतो मी."

 आण्णांनी रिपोर्ट लिहिला. "चूक माझी. उड्डाणाआधी को-पायलटला बोलायची मोकळीक द्यायची, ती मी दिली नाही."

माझ्या फोनबद्दल एक अक्षर नाही.

रोहनची नोकरी राहिली. आण्णांना मात्र डाव्या खुर्चीवरून, म्हणजे कॅप्टनच्या जागेवरून, उठवलं. सात महिने उजवीकडं बसले, को-पायलटच्या खुर्चीत. एकदा तर त्यांनीच शिकवलेल्या माणसाच्या शेजारी. बॅग उचलून यायचे आणि विचारायचे, "काय नाना, आज कुठं धाडताय?"

माझी मान वर होत नव्हती. ठिपके मी त्याच आठवड्यात खोडरबरानं पुसले. पण तोंड उघडलं नाही.

पर्युषण संपलं की आण्णांचा दरवर्षी फोन यायचा. त्यांच्यात त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतात.

"नाना, वर्षात काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा करा."

आणि मी दरवर्षी म्हणायचो, "आवं, तुमचं काय चुकणार?"

तिथंच पुढं "माझं चुकलंय" एवढं म्हणायचं होतं.  पण मी पावसापाण्याचं काढायचो.

आज दुपारी रोहनचा फोन आला. आता तो कॅप्टन आहे. रडत होता. सांगलीला निघालाय.

म्हणाला, "नाना, सर सगळ्यांशी इतकं मोकळं बोलायचे. त्याच दिवशी माझ्याशी का बोलले नाहीत, हे मला कधी कळलं नाही. माझ्यात काही दिसलं होतं का त्यांना?"

पाच वर्षं हा मुलगा ते मनात घेऊन विमान चालवतोय.

मला फोनवर सांगवलं नाही. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू? म्हणून इथं, कंपनीच्या ग्रुपवर, लिहितोय. दोन्हीकडचे लोक वाचतील. वाचू देत.

रोहन, तुझ्यात काही नव्हतं बाबा. त्यांच्या कानात मी विष ओतलं होतं. त्यांनी तुलाही वाचवलं आणि मलाही.

आण्णा, तुम्ही म्हणायचात, लगेच बोल. मला लगेच जमलं नाही.

माझं चुकलं.

या आता. तुमच्या नानाचा हात जोडून नमस्कार.