आधी मला, मग तुला

२०२२ साल. मी तेव्हा सत्तरीचा होतो. चिमटेवाली बाई पहिल्यांदा आमच्या जामसरच्या पाड्यावर आली, ओट्यावर बसली आणि तिनं आपल्याच दंडाला काट्याचा मोजायचा चिमटा लावला. "आधी मला, मग तुला," असं माझ्या सुनेला म्हणाली. "बघ, दुखत नाही." दर पोटुशी बाईला मोजायच्या आधी ती हेच करायची. संध्याकाळपर्यंत तिचा दंड लाल झालेला असायचा.

तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. खांद्याला पिशवी, चपलेला चिखल, आणि घरोघर तेच प्रश्न. मला त्यांचा राग यायचा.

"बाबा, तुमच्या सुनेची चरबी मोजायचीय."

"आमच्या सुनेला चरबी नाय," मी बोललो. "कधी उलटून बोलत नाय ती."

बाई हसायला लागली आणि मधेच थांबली. "तीच तर अडचण आहे, बाबा."

दंडावर, पाठीवर चरबी किती, त्यावरून बाळ कसं जन्मेल याचा अंदाज बांधता येतो का, हे तिच्या जव्हारच्या ऑफिसला बघायचं होतं. सुनेचं पहिलं पोर ओंजळीत मावेल एवढंच झालं होतं, आणि नाव ठेवायच्या आत गेलं. या खेपेलाही चिमट्याचा काटा जेमतेम हलला.

"कमी आहे," बाई म्हणाली.

"मग देता काय?"

"देत नाही, बाबा. मोजते आणि दवाखान्यात कळवते."

"म्हणजे कणगी रिकामी हाय, हे सांगायला चढण चढून आलीस?"

ती उठली नाही. चुलीकडे बघत म्हणाली, "घरात शेवटी कोण जेवतं?"

"सूनच की," आमची म्हातारी बोलली. "आन् पोटुशीनं कमीच खावं. पोर मोठं झालं तर सुटका अडते."

"आजी, अडू नये म्हणून दवाखाना आहे. तुम्ही आधी तिला वाढा."

"माझ्या घरात कुणी कधी जेवायचं ते तू सांगणार?" असं म्हणून मी तिला वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी जेवून मी उठलो नाही. सुनेच्या वाट्याला काय उरतं ते पाहिलं. भाताची खरवड आणि आमटीचं पाणी.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, सून जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. बाईनं सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनात आलं म्हणून.

"सासऱ्यासमोर आधी कशी जेवू?" सून म्हणाली. मी हट्टी, तर ती माझ्याहून. नागलीची भाकर वाळून कडक झाली. म्हातारी ओरडली, "मरा दोघं उपाशी!" शेवटी मी डोंगराकडे तोंड करून बसलो. मागे भाकर मोडल्याचा आवाज आला.

पुढच्या खेपेला बाई चिमटा हातात घेऊन ओरडलीच, "काटा सरकला! काय केलंत, बाबा?"

"भात बरा पिकला यंदा," मी बोललो.

दिवस भरत आले तेव्हा ती शेवटची आली. काम बंद झालं होतं, चिमटा परत करायचा होता. "बाळाचं वजन मला नक्की कळवा, बाबा. त्याशिवाय माझं मोजणं अर्धंच राहील." आणि उतरणीनं निघून गेली. वळणावर तिनं दंड चोळलेला मला दिसला.

जव्हारच्या दवाखान्यात मुलगी झाली. काटा अडीच किलोच्या पुढे गेला. बाईनं दिलेला नंबर मी लावला. फोनमधली बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. तिला मी शिव्या दिल्या.

सून घरी आली त्या दिवशी जीपनं परत जव्हारला गेलो, त्यांच्या ऑफिसात. खुर्चीवर नवा पोरगा.

"ते काम संपलं, आजोबा. आता वजन घेऊन मी काय करू?"

"मग इतके महिने पाड्यावरच्या बायांना चिमटे कशाला काढले?"

"चहा घ्या, आजोबा."

चहा घेतला नाही. तिचा पत्ता त्याला ठाऊक नव्हता. आकडा तोंडात तसाच घेऊन घरी आलो.

"पोर झालं आता," म्हातारी बोलली. "आता तरी घरच्यासारखं जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं भाकर आधी माझ्यापुढे ठेवली. मी ती उचलून तिच्यापुढे सरकवली, म्हटलं, "आधी तुला," आणि डोंगराकडे तोंड करून बसलो.