आज कोनता रंग?

बमरोलीच्या रस्त्यावर डाइंग मिलच्या वाफेचा आंबूस वास आला की मला अजून वडिलांचे हात आठवतात. वडील तसल्याच एका मिलमध्ये रंग कालवायचे. संध्याकाळी ते दारात आले की आई विचारायची, "आज कोनता रंग?" आणि ते हसून हात पुढे करायचे. एका लग्नसराईत पिवळ्याची मोठी ऑर्डर होती, म्हणून त्यांचं अंग पिवळट दिसलं तरी कुणी मनावर घेतलं नाही. सारखी सुटणारी खाजसुद्धा आम्ही केमिकलच्या माथी मारली. मग एका संध्याकाळी त्यांनी पुढे केलेले हात निळेशार होते आणि डोळे मात्र तसेच पिवळेजर्द. आईच्या हातातला तांब्या हातातच राहिला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पित्तनळी आवळत चाललीय, लिव्हरलाही सूज आहे. आईनं माझा दंड घट्ट धरला. "पोट फाडतीन का ते?" आता फाडत नाहीत, तोंडातून दुर्बीण घालून आत बारीकशी नळी बसवतात, असं मी तिला समजावलं खरं, पण त्यांना आत नेऊन दार लागलं तेव्हा मीच तिचा हात धरला. ती नळी अजूनही अधूनमधून बदलावी लागते. रोज सकाळी मी वडिलांना उजेडाकडे तोंड करून बसवते आणि डोळ्याखालची कातडी ओढून बघते. "आज कोनता रंग?" ते हसून विचारतात. मी दुसराही डोळा बघून घेते, मग सांगते, "पांढरा."