डोक्यावरचं ढेकूळ

चा आदी पिऊन घ्या, मग सांगतो. फजिती माजी हाय, ठसका तुमाला नको.

दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. सोलापुरात एका संग्रहालयानं आवारात जुनं गाव मांडलं हुतं. आमी नवराबायकू तितं बिनपगारी जुनी मानसं झालो. बायकू जात्यावर दळायची, भाकरी थापायची. मला बांदाच्या भांडनात घातलं. समोर शुक्रवार पेठेतला बँकेचा कारकून. जल्मात ढेकूळ फोडलं न्हाय, आन् फेटा बांदून शेतकरी.

जुन्या काळी बांदाचा तंटा मिटंना तर मानूस डोक्यावर मातीचं ढेकूळ घिऊन चालायचा. जितनं चालला ती त्याची हद. त्याला कुनी आडवायचं न्हाय. खोटं चालला तर देव बघून घेनार. तर मी खोटं चालायचं आन् चार पावलांवर आडवं पडायचं, आसं तितल्या सायबांनी बसवलं हुतं.

आता सांगा, आख्खं आमचं गाव बघाय आलेलं. त्यांच्याम्होरं मी खोटा पडू व्हय?

ढेकूळ घेतलं. चार पावलं झाली. कारकून हळूच म्हनला, "मामा, पडा की आता."

"तूच पड."

तो घाबरला, पन पाठ केलेलं बोलला. "पंच मंडळी, हा माणूस बांधचोर आहे."

माजं डोस्कं फिरलं. बांद म्हंजे पांढऱ्या फक्कीची रेघ. ती सोडली आन् कारकुनाच्या रानात घुसलो. त्याची कागदाची हीरबी हदीत घेतली. सायेब आडवाय आलं, तर आमच्या गावातली एक म्हातारी त्यांच्यावरच वसकली, ढेकूळवाल्याला हात लावाल तर. सायेब मागं. मग काय, पाव्हन्यांच्या खुर्च्या, साळंच्या पोरी, समद्यास्नी वेढा घालून आलो. म्हनलं, ही माजी हद.

तशी बायकू जात्यावरनं उठली. पाव्हन्यांला हात जोडून म्हनली, "आमच्या रानात आलासा, जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

टाळ्या पडल्या. मीबी फुगलो.

मग ती माज्याकडं वळली. "पीठ सरलंय. मी थापते, तुमी दळा."

आता मालक म्हनवून घेतल्यावर न्हाय कसं म्हनायचं? बसलो.

मिशीत पीठ जाईस्तवर दळलं. बघाय पोरींची रांग लागली. मला वाटलं, कौतुक चाललंय. तवर एकीनं माज्या म्होरची पाटी मोठ्यानं वाचली.

"जात्यावर दळणारी स्त्री. कृपया हात लावू नये."