मांडणी वाजली की

भूकंपाला मी लहानपणी भ्यायचे आणि अजूनही भिते. कोयनानगरात वाढलेल्या माणसाने याची लाज कशाला बाळगायची? आमच्याकडे पायाला काही कळायच्या आधी मांडणीवरची भांडी वाजतात. ती किणकिण सुरू झाली की आई आधी मला अंगणात ढकलायची, मग स्वतः पळायची.

आता मी सांगलीत राहून व्हिडिओ गेमचं संगीत करते. ज्यांच्या हाताखाली करते, ते जपानी सर या धंद्यातच म्हातारे झाले. त्यांनी सुरुवात केली तेव्हा यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन सूर निघायचे आणि तेवढ्यावर त्यांनी पोरांना रडवलंय, घाबरवलंय. नव्या गेममधल्या गुहेसाठी मी पाठवलेलं सगळं त्यांनी नाकारलं. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात काय वाजलं की तू पळतेस?"

काम हातचं जाईल या धास्तीने मी दुसऱ्याच दिवशी कोयनानगर गाठलं. मांडणीखाली मोठा स्पीकर ठेवला, समोर माइक लावला. खोल घुमणारा सूर सोडला की ताटं-वाट्या थरथरायच्या. आईला बजावलं होतं, "आज भांडी वाजली तरी पळू नकोस, मीच वाजवणार आहे."

"एवढं शिकलीस, आन् आता भांडी वाजवतीस व्हय!" म्हणत ती आत सुपात लसूण घेऊन सोलत बसली.

मनासारखं झाल्यावर मी स्पीकर बंद केला. भांडी थांबली नाहीत.

क्षणभर मी मूर्खासारखी त्या बटणाकडेच बघत राहिले. मग पायाखालची फरशी गुरगुरली.

"आई, बाहेर हो!"

"वाजू दे की. तुजंच हाय न्हवं ते?"

"माझं नाही गं! ऊठ!"

दंडाला धरून मी तिला अंगणात ओढत आणलं. लसणाचं सूप तिच्या हातातच होतं. धक्का लहान होता, एक कौलसुद्धा हललं नाही.

माइक चालूच राहिला होता. आईच्या घरचा आवाज म्हणून ते सगळं मी सरांना जसंच्या तसं पाठवून दिलं. गुहेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांच्याही देशात जमीन हलते, आणि मराठी ओ की ठो न कळणाऱ्या त्या माणसाने एवढंच लिहिलं, "आई बाहेर आली का?"

आली, असं मी कळवलं.

परवा आई फोनवर हसत सांगत होती, "काल भांडी वाजली बग. मी आतनंच हाक मारली, तुजं हाय का गं म्हून."

"मग?"

"मग काय. मागनं ध्यानात आलं, तू तर सांगलीला. तवर थांबलंबी."