लेडीज सपोर्ट

आमच्या बुऱ्हाणपुरात माणसाला बीपीची गोळी सुरू झाली की त्याच आठवड्यात आपण गायक असल्याचा साक्षात्कार होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, रोज फिरा, मन रमवा. फिरायला कोण जाणार? तापीचा घाट उतरला तर परत चढावा लागतो. त्यापेक्षा कराओके बरं. एक लॅपटॉप, दोन माइक, गायकाचा आवाज काढून टाकलेलं जुनं गाणं आणि पडद्यावर रंग बदलत जाणारे शब्द. ज्यानं जन्मभर रियाज केला त्याला गाण्यातून हाकलायचं आणि त्याच्या जागी आपण उभं राहायचं, एवढंच काय ते.

अशाच एका क्लबचा लॅपटॉप मी कॉलेजात असताना चालवला. हौस म्हणून नाही. क्लबच्या अध्यक्षांचं इतवाऱ्यात कापडाचं दुकान आहे आणि माझे पप्पा तिथे हिशेब बघतात. "तुमची पोरगी कंप्यूटर शिकली ना?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि विषय तिथेच संपला. दर रविवारी दुपारी मी त्यांच्या गोदामाच्या वरच्या खोलीत बसून ट्रॅक लावायची आणि कान किटेपर्यंत ऐकायची.

काय ती मंडळी! एक दातांचे डॉक्टर, एक रिटायर बँकवाले, एक केळीचे व्यापारी, दोन मास्तर. सगळे बिचारे सज्जन, आणि सगळे बेसूर. नाचता येईना अंगण वाकडं, तसं इथे गाता येईना, ट्रॅक वाकडा. "बेटा, हा ट्रॅक थोडा फास्ट आहे." "बेटा, याची पट्टी कुणीतरी चढवली वाटतं." एकाचं गाणं संपलं की दुसरा म्हणायचा, "क्या बात, डॉक्टरसाहेब, डोळ्यात पाणी आलं." मग डॉक्टरसाहेब त्याच्या गाण्याला स्वतःच्या डोळ्यात पाणी आणून परतफेड करायचे. अहो रूपम् अहो ध्वनिः म्हणतात ते मी समोसा खात खात दर रविवारी बघितलं आहे.

क्लबची एकच अडचण होती. जुन्या गाण्यांत अर्धी गाणी दोघांची, आणि गाणाऱ्या बायका जवळजवळ नाहीतच. सदस्यांच्या स्वतःच्या बायका घरी होत्या, आणि त्या घरी का होत्या हे ज्यानं यांचं गाणं ऐकलं आहे त्याला सांगावं लागत नाही. तेव्हा मी माझ्या मैत्रिणीला घेऊन गेले.

ती माझ्याच वर्गातली. बुधवाऱ्याच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ती आणि तिची मम्मी राहतात. मम्मी ब्लाउज शिवते. भिंतीला लागून शेजारचे पॉवरलूम आहेत, ते सकाळपासून खडखडतात, त्यामुळे त्या घरात एकमेकांशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. गाणं कसलं ऐकू येणार? ती गायची कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर, डबा खाऊन झाल्यावर, फक्त माझ्यासमोर. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ती गायला लागली की मी डब्याचं झाकणसुद्धा लावत नसे, आवाज होईल म्हणून. मला तिचा अभिमान वाटायचा आणि थोडा मत्सरही, दोन्ही सांगून टाकलेलं बरं.

तिला माइक हवा होता. आपला आवाज एकदा मोठ्यानं ऐकायचा होता, बस. मम्मीनं "सगळे काका-मामाच आहेत ना?" एवढं विचारून परवानगी दिली.

काका-मामांना तर घबाडच सापडलं. पहिल्या रविवारी तिच्याकडून चार जणांनी आपापलं दोघांचं गाणं म्हणवून घेतलं. ट्रॅक सगळे पुरुषांच्या पट्टीत. तिला आवाज पार खाली, पोटात नेऊन गावं लागायचं. वर काका एखादी ओळ चुकले की ते चुकलेलं जुळवून घेणं हेही तिचंच काम. अध्यक्षांनी तिला नावही दिलं, लेडीज सपोर्ट. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायचं, "आज लेडीज सपोर्ट येणार का?" जसं काही जनरेटर मागवतायत.

तिची एकच मागणी होती. एक गाणं एकटीनं, स्वतःच्या पट्टीत. दर वेळी अध्यक्ष म्हणायचे, "क्यों नहीं बेटा! अगली बार पक्का." अगली बार आली की कुणाचा तरी वाढदिवस निघायचा आणि तो वाढदिवसवाला तीन गाणी म्हणायचा.

"सोड ना हे लोक," मी म्हणायची. "यांना गाण्याचं काय कळतं?"

"तुला सगळ्यांचाच राग येतो यार," ती म्हणायची. "मग गाऊ कुठे, सांग? पायऱ्यांवर? तू एकटी किती दिवस ऐकशील?"

मग मला तिचाही राग यायचा.

दुसऱ्या वर्षी वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा तिनं पहिल्यांदा डोकं चालवलं. सरळ सांगितलं, एकटीचं गाणं मिळालं तर बाकीची दोघांची गाणी, नाहीतर एकही नाही. पाच जणांचे चेहरे पडले. एवढ्या सदस्यांचं एकमत त्या क्लबात मी कधी पाहिलं नव्हतं. लगेच ठरलं.

कार्यक्रम समाजाच्या मंगल भवनात, रविवारी दुपारी. पहिला तास सत्कारात गेला. प्रत्येकानं प्रत्येकाला शाल आणि नारळ दिला. शाली अध्यक्षांच्याच दुकानातल्या, त्यामुळे एकाच्या खांद्यावरून उतरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाताना त्यांना अवघड वाटलं नसावं. मग गाणी. माझ्या मैत्रिणीनं दोघांची पाचही गाणी निभावली. तिची मम्मी तिसऱ्या रांगेत इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मशीन बंद ठेवून आली होती, पोरीला पहिल्यांदाच ऐकायला.

शेवटी तिचं नाव पुकारलं. मी तिच्या पट्टीतला ट्रॅक लावला. तिनं पहिली ओळ घेतली आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. इतका वेळ वेफर्सच्या पुड्या फोडणारी पोरं गप्प झाली. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेत बँकवाल्यांनी मोबाइल खाली ठेवला. मी मनात म्हटलं, घ्या आता, याला गाणं म्हणतात.

आणि अध्यक्ष उठले. ज्या शांततेची त्यांना आयुष्यात सवय नव्हती तिचा त्यांनी अर्थ काढला, की कार्यक्रम पडतोय. दुसरा माइक घेऊन ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिसऱ्या ओळीपासून स्वतः सुरू झाले.

तिनं कडवं पुरं केलं. मग माइक स्टँडला लावला, बाजूला झाली आणि शांतपणे पायऱ्या उतरून खाली आली.

माझा हात माउसवर होता. ट्रॅक बंद करता आला असता. नाही केला. बाईच्या पट्टीतलं गाणं, अजून दोन कडवी बाकी, म्हटलं गा. ते गायले. वरच्या सुराला गळ्यातून जे निघालं ते भांडं घासल्यासारखं होतं, मान लाल झाली, पण मागे हटले नाहीत. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता तरी सगळ्यांना कळेल.

टाळ्या पडल्या. कडकडून. निवेदन करणारे मास्तर म्हणाले, "घाबरलेल्या नवोदित गायिकेला आमच्या अध्यक्षांनी किती मोठ्या मनानं सांभाळून घेतलं!"

बाहेर गाड्या लावल्या होत्या तिथे आम्ही तिच्या मम्मीची वाट बघत थांबलो. उन्हं अजून होती. मम्मी हातात फराळाचा डबा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "जाऊ दे बेटा. होतं असं. तू अटकली, अन् त्यायनं बरं सांभाळून घेतलं."

दोन वर्षं माझ्या मैत्रिणीनं त्या पुरुषांच्या चुका झाकल्या होत्या, तेव्हा तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं; ते आता आलं.

"काकू, ती अटकली नव्हती!" मी ओरडले. "त्या माणसानं..."

"तू चूप," ती मला म्हणाली. मग मम्मीकडे वळली. "मी अटकली नव्हती मम्मी. ऐक."

आणि तिथेच, दोन स्कूटींच्या मध्ये उभी राहून, तिनं गाणं पहिल्यापासून सुरू केलं. ट्रॅक नाही, माइक नाही. हॉलमधून निघालेले लोक एकेक करून थांबले. मम्मी डबा छातीशी धरून बघत राहिली, शिवायला आलेलं भारी कापड बघते तशी, हात न लावता.

पहिलं कडवं संपत आलं तेव्हा अध्यक्ष जिन्यावरून उतरले, दोन्ही खांद्यांवर शाली. "वा बेटा, वा! शाब्बास!" म्हणत जवळ आले, घसा खाकरला आणि ध्रुवपदाला तोंड उघडलं.

मम्मीनं हात आडवा केला.

"थांबा हो भाऊ," ती म्हणाली. "पोरीले म्हनू द्या."

ते थांबले. तिनं पुढचं कडवं एकटीनं घेतलं.