कप्तानाची खरी जागा

सकाळी सव्वानऊला ग्वेंडा थर्केटलने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि किटली हातातच राहिली. समोर चर्चच्या आवारात, यूच्या जुन्या झाडापलीकडे, डेस लार्टर दोरी लावून गवतावर माप घेत होता. म्हाताऱ्या फ्रँक मॉटची कबर आज खणायची होती. पण तिथे? नेमकी तिथेच?

ग्वेंडाची त्र्याहत्तर वर्षं त्या आवाराच्या कडेलाच गेली. वडील वॉल्टर चर्चच्या कबरी खणायचे, घंटाही वाजवायचे. ती रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची, वेदीवरची फुलं बदलायची. लांबून कोणी कप्तान अँब्रोज डॅलिंगची कबर बघायला आलं, की हौसेने पुढे व्हायची. अडीचशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्याचा नकाशा काढणारा तो कप्तान. गावाजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतंच.

आणि कप्तान त्याच्या नावाच्या दगडाखाली नव्हता.

गवत कापायचं यंत्र नीट फिरावं म्हणून वॉल्टरने एका उन्हाळ्यात रांगेतले सगळे दगड काढून भिंतीला टेकवले आणि जमीन सपाट केली. प्रत्येक जागेवर खुंटी ठोकून तिला नंबराची चिठ्ठी बांधली. मग पाऊस झाला आणि शाई धुऊन गेली. वॉल्टरने दगड अंदाजाने रोवले. पुढे जुना आराखडा हाती लागला तेव्हा कळलं, कप्तानाचा दगड चार पावलं चुकलाय आणि त्याच्या खऱ्या जागेवर नुसतं गवत उरलंय. त्याने आराखडा चुलीत घातला. मरताना मात्र मुलीला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "कुणाला बोलू नकोस गं. हसतील मला."

एकोणीस वर्षं ती बोलली नव्हती.

"देवा, त्याचं फावडं तरी मोडू दे," ती पुटपुटली आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. अशी प्रार्थना करतात होय? तासाभराने तिने चहाचा मग भरला आणि निघाली.

"बाई, चहा? आज माझा वाढदिवस आहे की काय?" डेसने घाम पुसला. लहानपणी तिच्याच वर्गात बसून खोड्या करायचा तो. अजून 'बाई'च म्हणायचा.

"किती खोल जाणार रे?"

"सहा फूट. फ्रँकमामांना कमी खोल पुरून चालेल का? डोकं वर काढून मलाच शिकवतील, फावडं कसं धरायचं ते."

ती हसली आणि चहा त्याच्या हातात दिला. खड्डा गुडघ्याएवढा झाला होता. परत जावं घरी? डेसला काही सापडलं तर म्हणता येईल, मला काय ठाऊक. बाबांचं नाव राहील. पण कप्तानाची हाडं फावड्याने फुटतील, आणि उद्या दफनाला फ्रँकची बायको सगळ्या गावादेखत त्या उकरलेल्या मातीशी उभी राहील.

"माती मऊ लागतेय," डेस म्हणाला. "गंमतच आहे. न खणलेली जमीन अशी नसते." त्याने फावडं पुन्हा उचललं.

"थांब! डेस, थांब. खाली माणूस आहे."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे, आणि हळूच खड्ड्याबाहेर आला.

"कोण माणूस, बाई?"

तिने सांगितलं. डेसने टोपी काढली. "म्हणजे आपण इतकी वर्षं फुलं वाहतोय ती..."

"एलन प्राइकला. पाव भाजायची ती."

"चला, तिची तरी चैन झाली," तो म्हणाला, पण हसला नाही. खड्ड्यावर फळ्या टाकून तो पाळकबाईंना बोलवायला गेला.

रेव्हरंड हिलरी आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, आणि ग्वेंडाला तेच जड गेलं. फ्रँकसाठी कुंपणाजवळची जागा ठरली. दगड हलवायला चर्चच्या वरिष्ठांची परवानगी लागेल, म्हणून चर्चच्या वहीत नोंद करावी लागणार होती.

"बाबांचं नाव गाळलं तर चालेल का हो?"

"वही तुमच्याकडेच देते, ग्वेंडा. जे खरं असेल ते लिहा."

चर्चमध्ये गारठा होता. बराच वेळ तिचं पेन कागदाला टेकेना. मग तिने सावकाश लिहिलं, की कप्तान डॅलिंगचा दगड वॉल्टर थर्केटल यांच्या हातून चुकीच्या जागी लागला. बाबांचं नाव कागदावर इतकं उघडं दिसलं की तिला पान फाडावंसं वाटलं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि खाली आणखी एक ओळ घातली:

"त्यांच्या मुलीला हे एकोणीस वर्षं माहीत होतं. तिने सांगितलं नाही."