बारशाला न गेलेली आत्या

डांग्या खोकला पोरांना होतो, असंच मी पन्नाशीला येईपर्यंत समजत होते. दारावर मासळी घेऊन येणारी उरणची मावशीसुद्धा माझी ढास ऐकून म्हणाली, "ताई, ह्यो तं पोरांचा खोकला हाय, तुमाला कसा झाला?" मी हसायला गेले आणि पुन्हा अडकले. ठसक्यावर ठसके, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. शेवटी कोंबडा आरवल्यासारखा आवाज करत हवा आत यायची आणि पाठोपाठ उलटी. बरगड्या इतक्या दुखायच्या की कूस बदलणंही जिवावर यायचं.

एरवी हे सगळं मी निमूट सोसलं असतं. निमूट सोसणं माझ्या स्वभावात नाही, पण समजा. नेमक्या त्याच वेळी माझ्या धाकट्या भावाला, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, मुलगी झाली होती. मला मूलबाळ नाही. तिची एकुलती एक आत्या मी, नावही मीच ठरवलेलं. बारशाला पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि जमलेल्या बायकांचे धपाटे पाठीत खायचे, एवढा एकच मान आत्याचा. त्यासाठी नवा ब्लाउजसुद्धा शिवून आणला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी निदान सांगितलं. "तुम्हाला नुसता त्रास होईल, बाळाच्या जिवावर बेतेल. तिला अजून लसही दिलेली नाही. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत त्या घरी जाऊ नका." मास्क लावून, लांब उभी राहिले तर? मी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहायला घेतल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. रडण्यापेक्षा ते सोपं होतं.

भाऊ म्हणाला, "ताई, तू व्हिडिओ कॉलवरून सांग. मी तिच्या कानाशी धरतो."

त्याचं घर जुन्या पनवेलात, आमच्या खांदा कॉलनीतून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. मी नवी साडी नेसून, तोंडात लवंग धरून पलंगावर बसले. फोनवर पाळणा म्हणून झाला. सगळ्या गप्प झाल्या. मी कुर्र केलं आणि ढास लागली. शेवटचा तो आरवल्यासारखा आवाज थेट तिच्या कानात गेला. ती दचकून रडायला लागली. "उचला, उचला तिला," कुणीतरी म्हणालं. भावाने फोन खाली ठेवला असावा, पडद्यावर मला फक्त त्यांच्या छताचा पंखा दिसत होता.

ती शांत झाल्यावर वहिनीच्या बहिणीने कुर्र केलं. मी ठरवलेलं नाव तिच्या तोंडून ऐकलं. मग धपाट्यांचा आवाज आणि हसणं. मी फोन बंद केला.

माझे यजमान मागे बसून, ढास लागली की चोळायचे तशी, माझी पाठ चोळत होते.

"चोळू नका," मी म्हणाले.

"मग काय करू?"

"धपाटे घाला."

त्यांनी घातले. पण अगदी हलक्या हाताने, कारण माझ्या बरगड्या दुखतात हे त्यांना माहीत होतं.